ओल्या काचेची विद्या

कलाक्षेत्रात जुने तेच नवे होऊन परत येण्याचे प्रकार अधूनमधून घडत असतात. छायाचित्रणाच्या ज्या रीतीला इंग्रज 'वेट प्लेट' म्हणत आणि जिला आपण ओल्या काचेची रीत म्हणू, तिचे अलीकडच्या काळात असेच पुनरागमन झाले आहे. फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज शिल्पकाराने १८५१ साली ती प्रसिद्ध केली. तिचे एकस्व त्याने घेतले नाही. १८५७ साली तो निर्धन अवस्थेत मरण पावला. पुढे दोन-तीन दशके साऱ्या जगाची छायाचित्रे बहुतांशी याच रीतीने निघत होती. १८७१ साली मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली, काही वर्षांत तशा काचा बाजारात तयार मिळू लागल्या आणि ओली काच मागे पडली. आज तीच विद्या शिकवणारी शिबिरे युरोप-अमेरिकेत आणि आपल्याकडेही भरतात. शांतिनिकेतनच्या कलाभवनातील अध्यापक अर्पण मुखर्जी यांनी या माध्यमात कलानिर्मिती केली आहे. गोव्यात तर छायाचित्रणाच्या जुन्या व पर्यायी पद्धतींसाठी एक स्वतंत्र केंद्रच या शतकात उभे राहिले.

या शिबिरांचे कौतुक पुष्कळ होते. चिकित्सा क्वचितच होते. हातांनी काम करून शिकणे चांगले, हे कोणीही मान्य करील. परंतु ही विशिष्ट विद्या आज शिकून नेमके काय हाती लागते? केवळ जुनाट दिसणारे एक चित्र, की आणखी काही? हा प्रश्न प्रस्तुत लेखकाला पडला तो एका दोन दिवसांच्या शिबिरात बसल्यावर. लेखक पांढुर्णा-सौंसर भागातला. कोकण-गोव्याच्या वाचकांसाठी सांगावयाचे तर, हा सातपुड्याच्या दक्षिण उतरणीवरचा, नागपूरला लागून असलेला संत्र्या-कापसाचा मराठी मुलूख आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर तो मध्य प्रदेशात राहिला आणि २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा या नावाने ओळखला जाऊ लागला. आमच्या भागातील आम्ही तिघेचौघे त्या शिबिराला गेलो होतो. सोबत नेलेल्या शिदोरीत संत्री होती, आणि गावच्या नात्यातले एक वृद्ध गुरुजीही केवळ कुतूहलाने आमच्याबरोबर आले होते. या दोन गोष्टींचा उल्लेख सहज केलेला नाही; पुढे त्यांचे काम आहे.

प्रथम कृती सांगतो. नत्राम्लाचा संस्कार केलेला कापूस ईथर आणि मद्यार्क यांच्या मिश्रणात विरघळवला म्हणजे मधासारखा पातळ द्रव होतो. त्याला कलोडियन म्हणतात. त्यात आयोडाइड व ब्रोमाइड या वर्गातले क्षार मिसळलेले असतात. स्वच्छ पुसलेली काच एका हाताच्या बोटांवर तोलून धरायची, मधोमध कलोडियन ओतायचे, काच कलती करीत द्रव एकेका कोपऱ्याला नेऊन भिडवायचा आणि उरलेला शेवटच्या कोपऱ्यातून बाटलीत परत घ्यायचा. घावन घालणाऱ्या गृहिणीच्या मनगटात जो अंदाज असतो, तोच येथे लागतो. तो पुस्तकात सापडत नाही. थर किंचित आळला की काच अंधारखोलीत नेऊन सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात तीन-चार मिनिटे बुडवतात. मग ती पातळ दुधासारखी पांढुरकी होते आणि तिला प्रकाश कळू लागतो. ती ओली आहे तोवरच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे, ओली आहे तोवरच हिराकशीच्या पाण्याने ते प्रकट करायचे. या साऱ्याला थंडीच्या दिवसांत दहा-पंधरा मिनिटे मिळतात, उन्हाळ्यात त्याहून पुष्कळ कमी. शेवटी हायपोच्या द्रावणात काच ठेवली म्हणजे निळसर धुक्यातून चेहरा हळूहळू वर येतो. पाहणारे हमखास येथे उद्गार काढतात, आणि ते स्वाभाविकच आहे. धुऊन वाळलेली काच मंद आचेवर ऊन करून तिच्यावर राळेचे रोगण चढवले की काम पुरे होते.

काळ्या पार्श्वभूमीवरची अशी काच, किंवा काळा रंग दिलेला पत्रा, हे स्वतःच पूर्ण चित्र असते. चांदीचा साका उजळ दिसतो आणि मागचा काळा रंग सावलीचे काम करतो. नुसत्या पारदर्शक काचेवर दाट चित्र घेतले तर ते निगेटिव्ह होते व त्यावरून कागदावर हव्या तितक्या प्रती काढता येतात. आमच्या शिबिरात पत्र्यावरचे काम शिकवले गेले, कारण ते लवकर होते.

पहिल्या दिवशी दुपारी कोणीतरी आमच्या शिदोरीतले एक संत्रे पांढऱ्या पंचावर ठेवून त्याचे चित्र घेतले. हायपोतून पत्रा वर आला तेव्हा पंचा पांढराच होता. पण संत्रे कोळशाच्या गोळ्यासारखे काळे झाले होते. सौंसरच्या माणसाला संत्र्याची ओळख कोणी पटवून द्यायला नको; तरीही ते संत्रे आम्हांला ओळखू आले नाही. शिकवणाऱ्या तरुणाने कारण सांगितले. ओल्या काचेला निळा व जांभळा प्रकाश आणि त्यापलीकडचे अदृश्य किरण तेवढे कळतात. तांबडा, नारिंगी आणि पिवळा यांच्या बाबतीत ती जवळजवळ आंधळी असते. म्हणून तर अंधारखोलीत तांबडा दिवा चालतो. या काचेवर निळे आकाश पांढरे होते, हळद काळवंडते, कुंकू काजळासारखे दिसते. आकाशी लुगडे पांढरे होते आणि तांबडे लुगडे चंद्रकळेसारखे काळे.

दुसऱ्या दिवशी गुरुजींना खुर्चीवर बसवले. अंगावर उपरणे नव्हते. जानवे स्वच्छ दिसत होते. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी टेकू दिला होता. सहा सेकंद ते पुतळ्यासारखे बसले. पत्रा हाती आला तो पाहून ते दचकले.

"अहो, हे काय केलंत? जानवं उजव्या खांद्यावर! मी काय श्राद्धाला बसलो होतो?"

"गुरुजी, पत्रा आरशासारखा असतो," तो तरुण म्हणाला. "त्यात डावे ते उजवे होते. आपण सव्यच होतात."

गुरुजींनी पुन्हा एकदा पत्र्याकडे पाहिले. "आणि मी इतका काळा आहे का हो?"

यावर सगळे हसले. परंतु या दोन प्रश्नांतच ओल्या काचेच्या विद्येचे खरे मर्म आहे, असे लेखकाला तेव्हा वाटले व अद्याप वाटते. गुरुजी उजळ नव्हते, पण पत्र्यावर दिसत होते तितके सावळेही नव्हते. आपल्या लोकांच्या गव्हाळ वा सावळ्या त्वचेवरून निळा प्रकाश फारसा परतत नाही. म्हणून ओली काच तिला आहे त्याहून काळी करते, वांग आणि डाग गडद करते, सुरकुत्या खोदल्यासारख्या दाखवते. सहा सेकंद हसू धरून ठेवता येत नाही, म्हणून चेहरा कठोर होतो. गुरुजी समोर बसले होते म्हणून आम्ही हसू शकलो. ते समोर नसते, दीडशे वर्षांपूर्वीचे असते आणि त्यांचा तेवढा पत्राच उरला असता, तर आम्ही काय म्हटले असते? एक काळाकुट्ट, उग्र मुद्रेचा पुरुष, श्राद्धकर्माच्या वेळी घेतलेले चित्र, असेच ना? आणि चित्राखाली तसे लिहूनही ठेवले असते.

ही भीती काल्पनिक नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आपल्या लोकांची जी चित्रे निघाली, ती फार मोठ्या प्रमाणावर याच काचेवर निघाली. विल्यम जॉन्सन याने मुंबईतील नाना जातिजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ व १८६६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केले. त्यांपैकी दुसरा महाराष्ट्राविषयी आहे. वॉटसन आणि के यांनी संपादिलेला 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ १८६८ ते १८७५ या काळात निघाला. या ग्रंथांवर आजवर जी टीका झाली ती मुख्यतः राज्यकर्त्यांच्या दृष्टीवर झाली: माणसाला माणूस म्हणून न पाहता जातीचा नमुना म्हणून मांडले, हा तिचा आशय. ती टीका रास्त आहे. जॉन्सनने तर एके ठिकाणी घेतलेल्या आकृती कापून दुसऱ्याच पार्श्वभूमीवर बसवल्या, हे त्या चित्रांच्या कडा पाहिल्या तरी कळते. परंतु टीकाकारांनी बहुधा एक गोष्ट हिशेबात घेतली नाही. त्या पानांवरचा काळोख सगळाच राज्यकर्त्यांच्या मनातला नाही. त्यातला काही भाग रसायनाचा आहे. काय माणसाने केले आणि काय काचेने केले, हे वेगळे काढता आल्यावाचून दोषाचे माप पदरात नीट घालता येत नाही. साहेबाने ठरवून आपल्याला काळे केले असे म्हणणे जितके उथळ, तितकेच आपले पूर्वज तसेच दिसत होते असे मानणेही उथळ. प्रामाणिक टीका या दोहोंच्या मधे उभी राहते, आणि तेथे उभे राहायचे तर एकदा तरी स्वतःच्या हाताने काच ओतलेली असावी लागते.

देवळांच्या चित्रांची गोष्ट याहून निराळी नाही. मेजर रॉबर्ट गिल याला १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी नेमले होते. त्याने रंगवलेल्या बहुतेक नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत भस्म झाल्या. त्याच गिलने पुढे कॅमेरा हाती घेतला आणि त्याने घेतलेली चौऱ्याहत्तर छायाचित्रे फर्ग्युसनच्या भारतातील कोरीव लेण्यांवरील १८६४ च्या पुस्तकात आली. छायाचित्रे होती, मग जळालेल्या नकलांचा शोक कशाला, असे एखाद्याला वाटेल. पण संत्रे काळे झालेले ज्याने पाहिले आहे तो असे म्हणणार नाही. गेरू, हिंगूळ आणि पिवळी माती यांनी रंगवलेली भिंत ओल्या काचेवर काळोखात बुडून जाते. शिल्पाचा घाट ती काच फार सुंदर दाखवते. चित्राचा रंग ती उलटा करते. एका गोष्टीसाठी अतुलनीय असलेले साधन दुसरीसाठी निरुपयोगी असते, हे येथे हाताला कळते.

जुन्या छायाचित्रांतली आपली देवळे पुष्कळदा निर्मनुष्य दिसतात आणि त्यांवरून उजाड, विस्मृत भारताच्या कथा रचल्या गेल्या. काही छायाचित्रकार माणसांना बाजूला सारीत, हे खरे. परंतु काही सेकंद उघड्या राहणाऱ्या काचेवर चालता माणूस उमटतच नाही, हेही तितकेच खरे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये गोटमार होते. तिचे चित्र ओल्या काचेवर घेतले तर नदी दिसेल, पात्रात रोवलेला पळस दिसेल, काठची घरे दिसतील. धावणारे हजारो लोक धुक्यासारखे पुसले जातील आणि दगड तर एकही दिसणार नाही. उद्याच्या इतिहासकाराने त्यावरून पांढुर्ण्याला शांत, निर्जन गाव ठरवले, तर दोष कोणाचा?

देवस्थानांशी संबंध असलेल्या वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सौंसरजवळ जामसावळी येथे पिंपळाखाली निजलेल्या मारुतीचे प्रसिद्ध स्थान आहे. शेंदूर चर्चिलेली कोणतीही मूर्ती ओल्या काचेवर काळ्या पाषाणाची दिसेल. डाव्या सोंडेचा गणपती पत्र्यावर उजव्या सोंडेचा होईल. आणि उजव्या सोंडेच्या गणपतीचे सोवळे किती कडक मानतात हे येथे सांगावयास नको. काचेवरचे चित्र उलट बाजूने, काचेतून पाहण्यासारखे बसवले तर ते सुलटे होते; निगेटिव्हवरून नीट छापलेली कागदी प्रतही सुलटी असते; पत्र्याला मात्र ती सोय नाही. एखाद्या घराण्यात किंवा देवळात जुने चित्र असेल, तर ते काचेवरचे, पत्र्यावरचे की कागदावरचे हे आधी पाहिले पाहिजे. मूर्तीचा रंग, सोंड, आयुधांचे हात यांविषयीचा निष्कर्ष त्यानंतर.

आता ही विद्या आपल्याकडे प्रथम कोणी शिकली ते पाहू, कारण तेथे आजच्या शिबिरांना घेण्यासारखा धडा आहे. १८५४ साली मुंबईत 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन झाली. तिच्या कामात भाग घेणाऱ्या एतद्देशीयांत डॉ. भाऊ दाजी लाड होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर स्वतः कुशल छायाचित्रकार होते. लाड घराणे मूळचे गोव्यातील पेडणे भागातल्या मांद्र्याचे, हे या पत्रिकेच्या वाचकांना ठाऊकच असेल. कुष्ठरोगावरील औषधाचा शोध, ताम्रपट व शिलालेख यांचे वाचन आणि छायाचित्रण या गोष्टी त्या एका घरात शेजारी-शेजारी नांदत होत्या. त्यांना छायाचित्रण ही करमणूक वाटत नव्हती. पाहण्याचे आणि पडताळण्याचे ते साधन होते.

पुढच्याच वर्षी, १८५५ साली, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. शिक्षक क्रॉफर्ड नावाचे गृहस्थ होते. कागदी निगेटिव्हची जुनी रीत आणि काचेची नवी रीत यांच्या संधिकालातला तो वर्ग. त्यात शिकलेल्यांपैकी हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ काढला, दीर्घकाळ धंदा केला आणि १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांची छायाचित्रे मांडली गेली. मुंबईच्या पहिल्या व्यावसायिक भारतीय छायाचित्रकारांत त्यांची गणना होते. याच गृहस्थांनी १८७४ साली लंडनमध्ये भगवद्गीतेवर इंग्रजी भाष्य प्रसिद्ध केले. त्याच १८७४ साली इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस असलेल्या दीनदयाळांनी कॅमेरा हाती घेतला. पुढे निजामाने त्यांना राजा हा किताब दिला, आणि त्यांच्या दोन हजार आठशेंहून अधिक काच-निगेटिव्हांचा संग्रह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने जतन केला आहे.

या मंडळींनी ही विद्या हाताने मिळवली आणि मिळवल्यावर आपल्या कामाला लावली. बडोद्यात १८९० साली निघालेल्या कलाभवनाने हेच सूत्र पुढे नेले. प्रा. गज्जर यांचा आग्रह असा की, रसायन आणि कारागिरी देशी भाषेत व प्रत्यक्ष कामातून शिकवावी. दादासाहेब फाळके याच कलाभवनात छायाचित्रण शिकले. स्टुडिओतून ओली काच गेली तरी छापखान्याच्या ठशांसाठी ती विसाव्या शतकातही बराच काळ टिकून होती. मासिकांतली चित्रे ज्या ठशांवरून छापली जात, ते करणाऱ्या कारागिरांच्या बोटांवर सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग असत. म्हणजे ही विद्या आपल्याला परकी नाही. ती आपल्या हातांत होती आणि आपण ती विसरलो.

या पार्श्वभूमीवर आजची शिबिरे कशी दिसतात? आमच्या शिबिरात शिकवणारा तरुण निष्णात होता, मनापासून शिकवीत होता, आणि विषारी द्रव्यांबाबत त्याची दक्षता वाखाणण्याजोगी होती. तरीही शिबिराच्या योजनेत एक मूलभूत उणीव होती. तेथे सगळा भर घरी नेण्याच्या चित्रावर होता. प्रत्येकाला दोन दिवसांत एक देखणा पत्रा मिळाला पाहिजे, या घाईत बिघडलेले पत्रे धुऊन बाजूला पडत. ज्या पत्र्यावर थर सुटला, ज्यावर डाग पडले, ज्यावर चित्र उमटलेच नाही, त्यांच्याविषयी कोणी थांबून विचारले नाही. वस्तुतः शिक्षण तेथे होते. कोणाच्याही हाती वही दिली नव्हती. प्रकाश किती, वेळ किती, उष्मा किती, याची टिपणे झाली नाहीत. उलट, एका पेटीत फेटे, जुनी घड्याळे आणि गुडगुडी ठेवलेली होती. ती घेऊन लोक बसत आणि आपल्या पणजोबांसारखे दिसण्यात धन्यता मानीत. ज्या भ्रमातून या विद्येने आपल्याला सोडवायचे, त्याच भ्रमाची ती आरास होती. गुरुजींच्या दोन प्रश्नांवर अर्धा तास बोलता आले असते. ते हसण्यावारी गेले आणि पुढच्या माणसाला खुर्चीवर बोलावण्यात आले.

असा वर्ग आमच्या पांढुर्ण्यात किंवा सौंसरला भरवायचा झाला तर तो कसा असावा? पहिली गोष्ट ऋतूची. ईथर पस्तीस अंशांच्या आसपास उकळते आणि आमच्याकडे वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. ओतता-ओतताच थर सुकेल, आणि ईथरच्या वाफेला ठिणगीचे भय आहे ते वेगळेच. तेव्हा दिवाळी ते महाशिवरात्र हाच या विद्येचा हंगाम. दुसरी गोष्ट भाषेची. हिराकस, राळ, रोगण, साका, थर हे शब्द आपल्याकडे आहेत. कलोडियन आणि हायपो हे आले तसे राहू द्यावेत. मराठीतून शिकवले तर शेतकऱ्याचा मुलगाही शिकेल. कलोडियनचा आत्मा कापूस आहे, आणि कापूस आमच्या रानातलाच. मात्र त्यावर नत्राम्लाचा संस्कार घरी करू पाहणे हा जिवाशी खेळ आहे. कलोडियन तयारच आणावे.

तिसरी गोष्ट क्रमाची. पहिला संपूर्ण दिवस कॅमेऱ्याला हात लावू नये. केवळ ओतणे शिकावे. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने एकच वस्तू, शक्य तर संत्रेच, ओल्या काचेवर आणि आजच्या कॅमेऱ्यावर घ्यावी, आणि दोन्ही शेजारी ठेवून फरक लिहून काढावा. तिसऱ्या दिवशी घरोघरची जुनी छायाचित्रे आणून ती कशावर आहेत हे ओळखावे. हा दिवस सर्वांत महत्त्वाचा. घरातली जुनी काच धूळ बसली म्हणून ओल्या फडक्याने पुसणारे, रोगण पिवळे पडले म्हणून स्पिरिटने साफ करणारे लोक आपल्यात आहेत. त्यांच्या मनात नाशाचा हेतू नसतो. पण स्पिरिटने रोगण विरघळते आणि त्याच्याबरोबर चित्रही जाऊ शकते. ज्याने एकदा आपल्या हाताने रोगण चढवले तो हे कधीही करणार नाही. वर्गातून शंभर पत्रे बाहेर पडण्यापेक्षा एक जुनी काच वाचली तर वर्ग सार्थकी लागला असे समजावे.

चौथी गोष्ट मर्यादेची. गाभाऱ्यात कॅमेरा नेण्यापूर्वी देवस्थानाची अनुमती घ्यावी, आणि नाही म्हटले तर वाद घालू नये. गाभाऱ्याच्या अंधारात या काचेला फार वेळ लागतो, तेव्हा सभामंडप, दीपमाळ आणि शिखर हेच तिचे खरे विषय आहेत. वापरलेली रसायने जामच्या पात्रात ओतू नयेत. हायपोत उतरलेली चांदी वेगळी काढता येते, ती काढावी.

कोणी म्हणेल, हा खर्चिक उद्योग कशाला? चांदीचे भाव पाहता ते म्हणणे अगदीच चुकीचे नाही. जुनी छायाचित्रे समजून घ्यायची तर पुस्तक वाचून किंवा व्याख्यान ऐकून समजणार नाहीत काय? काही अंशी समजतील. लेखकानेही ओली काच तांबड्या रंगाला आंधळी असते हे पूर्वी वाचलेले होते. परंतु वाचलेले ते ज्ञान मनात निजून राहिले होते. जॉन्सनच्या खंडांतली चित्रे पाहताना ते एकदाही जागे झाले नाही. संत्रे काळे झालेले पाहिल्यावर मात्र प्रत्येक जुन्या चित्रापुढे ते आपोआप उभे राहते. जुन्या चित्रातली पांढऱ्या लुगड्यातली बाई पाहिली की आता लेखणी थांबते: हिचे लुगडे खरोखर पांढरे होते, की आकाशी? ही विधवा होती, की कोणाची तरी सवाष्ण आई? कपाळावरचा काळा ठिपका गोंदण आहे, की कुंकू? एका बाईच्या आयुष्याविषयी खोटे लिहिले जाण्यापासून जी विद्या आपला हात आवरते, तिची किंमत चांदीच्या भावाने करता येणार नाही.

म्हणून लेखकाचे मत असे की, ओल्या काचेची शिबिरे अवश्य भरावीत. मात्र जुने चित्र काढणे हा त्यांचा हेतू नसावा, जुने चित्र वाचता येणे हा असावा. चित्र काढणे ही त्या वाचनाची बाराखडी आहे. बाराखडी गिरवल्यावाचून वाचता येत नाही, आणि नुसती बाराखडी गिरवून थांबणाऱ्याला साक्षर म्हणत नाहीत.

गुरुजींचा तो पत्रा त्यांनी घरी नेला. देवघरात नव्हे, पडवीत लावला. त्याच्याखाली त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात तीथ आणि वार लिहिला आहे, आणि पुढे एवढेच: 'चित्र उलटे आहे. मी सव्य होतो.' जॉन्सनच्या दोन्ही खंडांतल्या माणसांना असे एक वाक्य आपल्या चित्राखाली लिहिण्याची संधी मिळाली नव्हती. ते वाक्य त्यांच्यासाठी आज आपण लिहायचे आहे, आणि ते लिहिण्याची पात्रता आधी हातांत यावी लागते.